पाखऱ्याची बाजू

'फौलादी लिफाफा' हा हिंदी सिनेमा तुम्ही पाहिला नसेल. पाहिला असेल तर विसरला असाल, आणि विसरला असाल तर देवानं तुमचं भलंच केलं म्हणायचं. बेळगावात तो आठ दिवससुद्धा टिकला नाही. पण सांबऱ्याच्या अलीकडे एका गावात एक माणूस असा होता, की त्यानं या सिनेमाचं नाव नऊ वर्षं रोज घेतलं, आणि घेतल्यावर दरवेळी तोंडातली तंबाखू थुंकून टाकली. त्याचं नाव भरमू. गाव त्याला भरमाण्णा म्हणायचं.

भरमाण्णा खोंडं शिकवायचा. गाईच्या पोटचं खोंड अडीच-तीन वर्षांचं झालं, की त्याच्या मानेवर पहिल्यांदा जू ठेवायचं आणि त्याला गाडीला, नांगराला चालायला लावायचं, हे काम वाटतं तितकं सोपं नाही. खोंड बिथरतं, बसकण मारतं, मालकाला चरीत लोळवतं. म्हणून उचगावापासून खानापूरच्या खेड्यांपर्यंतचे लोक आपली खोंडं भरमाण्णाच्या दारात आणून बांधायचे आणि महिन्याभरानं शहाणे बैल घेऊन जायचे. भरमाण्णा चाबूक वापरत नसे. पहिल्या दिवशी तो काहीच करायचा नाही. खोंडाला अंगणात मोकळं सोडायचा आणि आपण उंबऱ्यावर बसून नुसता बघत राहायचा. खोंड कुठल्या अंगावर भार टाकतं, भिंतीला कुठला खांदा घासतं, दचकलं तर कुठं वळतं. संध्याकाळी तो उठायचा आणि मालकाला सांगायचा, "डावा हाय" किंवा "उजवा हाय." एकदा बाजू ठरली की ठरली. डावीकडचा बैल जन्मभर डावीकडे आणि उजवीकडचा उजवीकडे. बाजू बदलून जुंपणं म्हणजे बैलाचा आणि शेतकऱ्याचा दोघांचाही अपमान. "बैलाची बाजू आनि मानसाचा शब्द, दोन्ही बदलायचं न्हाय," असं तो म्हणायचा.

हे बोल त्याचे स्वतःचे नव्हते, रवळूआप्पाचे होते. भरमाण्णाला मिसरूड फुटायच्या आत त्याचा बाप गेला. तेव्हा तीन गल्ल्या पलीकडच्या रवळूआप्पानं त्याला आपल्या गोठ्यात नेलं आणि ही विद्या दिली. आप्पा बोलायला कंजूस. शाबासकी तर त्यानं आयुष्यात कुणाला दिली नाही. भरमाण्णानं चांगलं काम केलं तर तो फक्त "हूं" म्हणायचा. त्या एका "हूं"साठी भरमाण्णा दिवसभर उन्हात खोंडामागं पळायचा. पुढे भरमाण्णाचं नाव झालं तरी रोज सकाळी आप्पाच्या सोप्यात जाऊन चहा घेतल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे.

तर अशा या माणसाच्या नशिबात सिनेमा आला.

शहात्तर सालच्या थंडीत सांबऱ्याच्या विमानतळावर मुंबईचे लोक शूटिंगला आले. गुप्तहेराचा सिनेमा. हीरोकडे एक पोलादी लिफाफा, त्यात देशाचं काहीतरी गुपित, आणि ते मिळवायला काळ्या चष्म्यातले दहा-बारा दुष्ट लोक त्याच्या मागे. हीरो विमानातून उतरतो, मोटारीतून पळतो, मोटार उलटते, मग मोटरसायकल, ती पेटते, आणि सगळं संपल्यावर तो एका बैलगाडीत उडी मारतो. ती बैलगाडी भरमाण्णाची. बैलही त्याचेच. डावीकडे पाखऱ्या, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला, आणि उजवीकडे हौश्या, राखेच्या रंगाचा. आख्ख्या पंचक्रोशीत अशी जोडी नव्हती.

हीरोला बैल हाकता येत नव्हते. कासरा कुठून धरायचा हेही ठाऊक नव्हतं. पहिल्याच खेपेला बैल जागचे हलले नाहीत, दुसऱ्या खेपेला इतके हलले की हीरो मागच्या मागे गाडीतून खाली आला. शेवटी टोपीवाल्या डायरेक्टरनं डोकं लढवलं. भरमाण्णाला गाडीत आडवं निजवलं, अंगावर कडबा पसरला, आणि सांगितलं की तू आतून आवाज दे, हा वर उभा राहून नुसता कासरा हलवील. तशी गाडी बेळगावच्या दिशेनं पळवली. पुढे जीपमध्ये कॅमेरा, मागे धुरळा, वर हीरो हो हो करून ओरडतोय आणि कडब्याखाली भरमाण्णा नाकातोंडात कुसळं जाऊन शिंका आवरत "हाऽ माझ्या पाखऱ्या, हाऽ हौश्या" म्हणतोय. बैल असे पळाले की जीपवाल्याला वेग वाढवावा लागला. जाताना त्या लोकांनी भरमाण्णाला एक काळा चष्मा दिला. तो त्यानं देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

रवळूआप्पा शूटिंग बघायला आला नव्हता. त्यानं फक्त विचारलं, "नीट पळालं न्हवं?"

"नीट म्हंजे? पान्यागत पळालं, आप्पा."

"हूं. सगळा मुलूख बघनार हाय. म्हनून इचारलं."

दोन वर्षांनी सिनेमा बेळगावात लागला. गावातून तीन ट्रॉल्या भरून माणसं गेली. रवळूआप्पा जन्मात कधी थेटरात गेला नव्हता, तोही धुतलेला फेटा बांधून आला आणि भरमाण्णाच्या शेजारच्या खुर्चीत मांडी घालून बसला.

आणि काय तो सिनेमा! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पहिला तासभर हीरो बर्फात गाणी म्हणतो. गुप्तहेर असूनही जिथं जाईल तिथं स्वतःचं नाव सांगतो. दुष्ट लोक गोळ्या झाडतात, त्या खांबांना लागतात, झाडांना लागतात, हीरोला कधी लागत नाहीत. विमानतळावरच्या मारामारीत मागे उभी असलेली गावातली माणसं हसताना दिसतात. आणि ज्या लिफाफ्यासाठी एवढा जीव टाकला तो शेवटी उघडला तर आत काय? कोरा कागद! म्हणे, खरं गुपित हीरोच्या डोक्यात होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "डोसक्यात हुतं तर लिफाफा कशाला घिऊन पळत हुतास रं?"

पण हे सगळं गावानं सोसलं असतं. गाव आलं होतं बैल बघायला. बैलगाडी आली, चौदा-पंधरा पावलांत पडद्यावरून गेली, आणि भरमाण्णाच्या काळजाचं पाणी झालं. पाखऱ्या उजवीकडे होता. हौश्या डावीकडे होता.

तेवढ्यात गिरणीवाला ज्योतिबा ओरडला. हा ज्योतिबा म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. "आगागागा! बैल उलटं जुपल्यात रं! भरमाण्णानं बैल उलटं जुपल्यात!" सगळं थेटर हसलं. ज्यांना उजवा बैल आणि डावा बैल यातला फरक कळत नव्हता ती शहरातली माणसंही हसली.

भरमाण्णानं शेजारी पाहिलं. रवळूआप्पा पडद्याकडे बघत बसला होता. त्यानं "हूं" म्हटलं नाही. सिनेमा संपल्यावर तो उठला, ट्रॉलीत न बसता सांबऱ्याच्या बसमध्ये चढला आणि एकटाच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरमाण्णा चहाला गेला नाही. कुठल्या तोंडानं जायचं? बाजू बदलायची नाही हे ज्यानं शिकवलं, त्याच्या डोळ्यांदेखत बाजू बदललेली दिसली होती. "मी तसं जुपलं न्हवतं," एवढंच सांगायचं होतं. पण जे डोळ्यांनी दिसलं ते नाही म्हणून कसं सांगायचं? आधी गावाला पटवू, पुरावा हाती येऊ दे, मग ताठ मानेनं आप्पाकडे जाऊ, असं त्यानं ठरवलं. एक दिवस गेला, आठवडा गेला. रवळूआप्पाही त्याच्या दाराकडे फिरकला नाही. वाटेत समोर आला तर खाली बघून पुढे जायचा.

गावाला पटवणं म्हणजे वाळूतून तेल काढणं. भरमाण्णानं गिरणीत सांगितलं, पारावर सांगितलं, बाजाराच्या दिवशी गाठ पडेल त्याला सांगितलं. आधी म्हणाला, ते बैल आपले नव्हेत, मुंबईवाल्यांनी दुसरे सारखे दिसणारे आणले असतील. ज्योतिबा म्हणाला, "पाखऱ्यासारखा दुसरा बैल असता तर त्यो बी शहाना असता, त्यो उलटा जुपूनच घेतला नसता." मग भरमाण्णा म्हणाला, त्यांनी बैलांना रंग दिला असेल. यावर तर गाव आठ दिवस हसलं. जितकं सांगावं तितकं हसं व्हायचं. शेवटी तो गप्प बसला, पण गाव गप्प बसलं नाही. "सिनेमावाल्यांनी सांगितलं तर भरमाण्णा बैल शेपटीकडनं बी जुपंल," अशी म्हणच पडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि खोंडं यायची थांबली. एकदम नाही, हळूहळू. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही. "यंदा घरीच शिकवतो म्हनालाय पोरगा," असं कुणी सांगायचं, कुणी सांगायचंही नाही. बेंदराला, बैलांच्या सणाला, गावातली पहिली जोडी भरमाण्णाची निघायची, ती आता मधे कुठंतरी निघू लागली. त्याची बायको मालुबाई एकदा म्हणाली, "एवढं काय जिवाला लावून घेतायसा? सिनेमाच हाय न्हवं त्यो?" भरमाण्णा तिच्यावर असा खेकसला की तिनं पुन्हा चार वर्षं तो विषय काढला नाही. देव्हाऱ्यातला काळा चष्मा मात्र तिनं उचलला आणि शेणकुटांच्या ढिगामागे टाकला.

सिनेमा पुन्हा बघावा, नीट बघावा, काय झालं ते समजून घ्यावं, असं त्याला फार वाटायचं. पण पडलेला सिनेमा सापडतो कुठं? एकदा कळलं, निपाणीला तंबूत लागलाय. भरमाण्णा एस्टीनं निपाणीला गेला, तंबाखूच्या वासानं भरलेल्या त्या तंबूत जमिनीवर बसला, बर्फातली गाणी परत सोसली. मोटार उलटली. मोटरसायकल पेटली. आता बैलगाडी येणार म्हणून तो गुडघ्यांवर उभा राहिला, तर हीरो एकदम विमानात! तंबूवाल्यानं शेवटची बस गाठायच्या लोकांसाठी मधली रिळं गाळली होती. भरमाण्णानं जाऊन त्याची गचांडी धरली. तंबूवाला म्हणाला, "आवो, लोकं तर म्हंत्यात आनखी दोन रिळं गाळायची हुती!"

वर्षं गेली. हौश्या गेला, मग तीन वर्षांनी पाखऱ्याही गेला. शेताशेतात ट्रॅक्टर आले. भरमाण्णाचा मुलगा शामू बेळगावात एका कचेरीत कारकून झाला, त्याचं लग्न झालं. सून गोकाककडची, महादेवी. घरात मराठी, पण शाळा सगळी कानडी झालेली. सत्याऐंशी साली तिला मुलगी झाली आणि बारशाच्या निमित्तानं शामूनं व्हिडिओ आणायचं ठरवलं. तेव्हा ही नवी हौस होती. टिळकवाडीतल्या दुकानातून रंगीत टीव्ही, व्हिडिओ आणि दोन-तीन कॅसेटी भाड्यानं आणायच्या आणि गल्लीला दाखवायच्या.

रविवारी दुपारी शामू रिक्षातून सगळं घेऊन आला आणि जरा चाचरत म्हणाला, "आण्णा, दुकानवाल्यानं एक कॅसेट फुकट दिलीय. कोन नेत न्हाय म्हने. बघा."

कॅसेटच्या डब्यावर हीरो होता, हेलिकॉप्टर होतं, आणि बंदूक घेतलेली एक बाई होती. ती बाई सिनेमात कुठंच नव्हती. वर नाव: 'फौलादी लिफाफा'. वरातीमागून घोडं यावं तसा नऊ वर्षांनी तो घरी आला होता.

मालुबाई म्हणाली, "ही अवदसा बारशाच्या दिवशी घरात नगं." पण भरमाण्णानं डबा छातीशी धरला होता. "ह्योच लावायचा," तो म्हणाला.

त्याला एकट्यानं बघायचा होता. पण गावात व्हिडिओ आला म्हटल्यावर एकट्यानं काय बघता? सोपा भरला, अंगण भरलं, खिडकीच्या गजांना माणसं लटकली. ज्योतिबा बोलावलं नसताना पुढच्या खुर्चीत येऊन बसला. "आज बैल कुठल्या बाजूला हाईत बगूया," असं म्हणून त्यानं आजूबाजूला पाहिलं. रवळूआप्पा तेवढा आला नव्हता. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, असं भरमाण्णा ऐकून होता.

कॅसेट म्हणजे सिनेमाहून वाईट. रंग फिके, आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्यात पडद्याच्या खालच्या अंगाला जाहिरातींची पट्टी सारखी सरकत होती. हीरो पोलादी लिफाफा छातीशी धरून मरता मरता वाचतोय आणि त्याच्या गुडघ्यांवरून साड्यांच्या सेलचा पत्ता चाललाय. मारामारीच्या ऐन रंगात दुष्टाचं तोंड कुठल्याशा दंतमंजनानं झाकलं गेलं. भरमाण्णा दात-ओठ खात बसला होता. बैलांवर पट्टी येऊ नये म्हणून त्यानं लक्ष्मीला नवससुद्धा बोलून टाकला.

मोटार उलटली. मोटरसायकल पेटली. बैलगाडी आली आणि गेली. पाखऱ्या उजवीकडेच होता.

ज्योतिबा मांडीवर थाप मारून हसला. "बगा! नऊ वर्सांत बी बाजू बदलली न्हाय, तीच उलटी!"

भरमाण्णा ताडकन उठला. "शामू, थांबीव! मागं घे!"

शामूनं बटण दाबलं. हीरो गाडीतून उलटा उडून मोटरसायकलवर जाऊन बसला, विझलेली मोटरसायकल पुन्हा धावू लागली, आणि पोरंटोरं हसून लोळली. मग गाडी परत आली. शामूनं दुसरं बटण दाबलं आणि चित्र जागच्या जागी थरथरत उभं राहिलं. भरमाण्णा टीव्हीच्या इतका जवळ गेला की मागचे ओरडू लागले. तो बैलांकडे बघत होता. पाखऱ्याचं वळलेलं शिंग, हौश्याच्या कपाळावरचा गोंडा, सगळं त्यांचंच. आणि तरी सगळं चुकलेलं. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर उभं होतं आणि त्यातून काही कळत नव्हतं. त्याला रडू कोसळायचं तेवढं बाकी होतं.

स्वयंपाकघराच्या दारात महादेवी खांद्यावर पोर घेऊन उभी होती. मोठ्या माणसांत बोलायची तिला सवय नव्हती. तिनं शामूला हळूच हाक मारली. "आवो, त्यो दगुड बगा की. उलटा हाय."

"कुठला दगड?"

"मैलाचा. बैलांच्या मागं हाय बगा."

जाहिरातीच्या पट्टीच्या बोटभर वर, रस्त्याच्या कडेला, सांबऱ्याच्या वाटेवरचा मैलाचा दगड दिसत होता. गावातलं प्रत्येक माणूस जन्मभर त्या दगडावरून आलं-गेलं होतं. त्यावर बेळगावचं नाव कानडीत, आकडासुद्धा कानडी. बाजारात गाव फाडफाड कानडी बोलायचं, पण कानडी वाचायचा प्रश्न आला की मान फिरवायचं. निम्म्यांना येत नव्हतं आणि निम्म्यांना, सीमाभागातल्या हट्टानं, यायला नको होतं. त्यामुळे तो दगड त्यांच्या दृष्टीनं नुसता दगड होता.

"कानडी अक्षर म्हंजे सगळीकडनं गोलच की," ज्योतिबा म्हणाला. "त्यात उलटं काय आनि सुलटं काय?"

महादेवीनं पोर सासूच्या हातात दिलं. आत जाऊन शामूचा दाढीचा आरसा घेऊन आली. मग भरमाण्णासमोर येऊन, पदर सावरत म्हणाली, "मामांजी, टीव्हीकडं पाठ करून हुबं ऱ्हावा. आनि ह्यात बगा."

भरमाण्णानं पाठ फिरवली. आरसा हातात धरला. खांद्यावरून मागचा टीव्ही आरशात आला. आणि आरशात पाखऱ्या डावीकडे होता.

पाखऱ्या डावीकडे, हौश्या उजवीकडे. जशी जोडी त्या थंडीच्या सकाळी त्यानं स्वतःच्या हातानं जुंपली होती तशी. तोंडं बेळगावकडे, अंगावर ऊन, शेपट्या उडालेल्या. आता जगात नसलेले ते दोन बैल तळहाताएवढ्या आरशात पळता पळता थांबले होते.

"बेळगाव," महादेवी आरशाकडे बघून म्हणाली. "आता नीट वाचाय येतंय बगा. त्यांनी चित्रच उलटं लावलंय."

सिनेमात पाठलागावर असलेली काळ्या चष्मेवाल्यांची जीप ज्या दिशेनं पळत होती त्याच दिशेनं गाडीही पळायला हवी, म्हणून कुणीतरी मुंबईत बसून तेवढा तुकडा उलटा जोडला होता. एवढंच. त्या माणसाला बैलाची बाजू माहीत नव्हती आणि कानडीही येत नव्हतं.

आरसा हातोहात फिरला. सगळं गाव टीव्हीकडे पाठ करून आरशात सिनेमा बघू लागलं. ज्योतिबाची पाळी आली तेव्हा त्यानं बराच वेळ बघितलं, आरसा पुढच्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "म्हंजे सिनेमावाल्यांची चूक म्हनायची. चला, फुडं लावा."

फुडं लावा! नऊ वर्षं! भरमाण्णाला वाटलं, आरसा याच्या टाळक्यात घालावा. नऊ वर्षं ज्या माणसांनी त्याला जगू दिलं नाही, ती माणसं आता हीरोचं पुढं काय होतं ते बघायला उतावीळ झाली होती, आणि ते तर सगळ्यांना ठाऊकच होतं. कोरा कागद! भरमाण्णानं आरसा हिसकावून घेतला, पायताण घातलं आणि उन्हात बाहेर पडला. तीन गल्ल्या. नऊ वर्षांत न तुडवलेल्या.

रवळूआप्पा सोप्यात खाटेवर बसला होता. डोळे पांढरे झाले होते. पायांच्या आवाजावरून त्यानं मान वर केली.

"भरमू का रं?"

"व्हय, आप्पा." भरमाण्णाला धाप लागली होती. तो उभ्या उभ्याच सगळं सांगू लागला. कॅसेट, मैलाचा दगड, सून, आरसा. "चित्र उलटं हुतं, आप्पा! मी बैल बरोबरच जुपलं हुतं! ह्यो बगा आरसा..." आणि आपण आरसा कुणापुढे धरलाय हे ध्यानात येऊन तो थांबला.

"ठेव त्यो आरसा," आप्पा म्हणाला. "मला म्हाईत हुतं."

"आत्ता कुनी सांगितलं?"

"कोन सांगतंय? थेटरात बसल्या बसल्या कळलं हुतं. पाखऱ्याला उजवीकडं जुपला असता तर दहा पावलांत त्यानं गाडी चरीत घातली असती. त्ये बैल तर पान्यागत पळत हुतं. असं पळत्यात ते आपल्या बाजूलाच हाईत. मग पडदा काय बी दावंना."

भरमाण्णा ओरडला. "मग नऊ वर्सं बोलला का न्हाईसा? माजी खोंडं गेली, नाव गेलं, त्या ज्योतिबानं माजी सालटी काढली! तुमी एक शब्द बोलला असतासा तर सगळ्या गावाचं तोंड बंद झालं असतं!"

"आनि तू?" आप्पानं विचारलं. आवाज चढवला नाही. "ज्योतिबाच्या गिरनीत जाऊन सांगितलंस. पारावर सांगितलंस. बाजारात दिसंल त्याला धरून सांगितलंस. निपानीला गेलतास म्हनं. हितं मातुर आला न्हाईस. मी दुसऱ्या दिवशी सकाळी च्या ठेवला हुता. तिसऱ्या दिवशी बी ठेवला. मी म्हनलं, ह्याला वाटतंय आप्पा बी ज्योतिबागतच बगतोय. माज्याकडनं शिकून ह्यानं मला एवढंच वळखलं. मग मी तरी कशाला येऊ?"

भरमाण्णा मटकन खाली बसला. त्याला वाटत होतं तो पुरावा गोळा करतोय. आणि ज्याला पुरावा नको होता तोच एक माणूस त्यानं नऊ वर्षं सोडून दिला होता. गावाचा राग आला होता, सिनेमावाल्यांचा आला होता, तंबूवाल्याचा आला होता. आता जो राग आला तो कुणावर काढायचा तेच कळेना. त्यानं स्वतःच्याच मांडीवर जोरात बुक्की मारली.

"तोंडात मारा मला, आप्पा."

"च्या घे आधी," आप्पा म्हणाला आणि सुनेला हाक मारली.

चहा झाल्यावर आप्पा काठी टेकत गोठ्याकडे निघाला. गोठ्यात एक तांबडं खोंड बांधलं होतं, तिनाला टेकलेलं, मान अजून कोरी. "नातू म्हंतोय इका, ट्रॅक्टर हाय की आता," आप्पा म्हणाला. "मी म्हनलं, ऱ्हाऊ दे."

भरमाण्णानं दावं सोडून खोंडाला अंगणात मोकळं सोडलं आणि दोघं उंबऱ्यावर बसले. खोंड भिंतीपर्यंत गेलं, अंग घासलं, चिमणी उडाली तेव्हा दचकून वळलं, परत आलं. भरमाण्णा बघत होता. आप्पा नुसताच बसला होता, मान एका अंगाला कलती करून. ऊन कलून भिंतीवर गेलं.

"कुठल्या बाजूचा रं?" शेवटी आप्पानं विचारलं.

"डावा."

"हूं." आप्पा म्हणाला. "मला पायाच्या आवाजावरनं मगाशीच कळलं हुतं. पन ह्ये सांगाय नऊ वर्सं थांबायची मला आता सवड न्हाय."